यात सा कुठाय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. व्हायोलिनवर विसाव्या शतकातलं युरोपीय संगीत वाजवतो म्हटलं की आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न हाच: ‘यात सा कुठाय? हे गाणं आहे की गणित?’

नियमाने पाहिलं तर सा नाहीच. १९२० च्या दशकात व्हिएन्नात शोनबर्ग या संगीतकाराने पद्धत बसवली: बाराही स्वरांची एक ओळ ठरवायची आणि बाराही येऊन गेल्याशिवाय कुठलाही पुन्हा घ्यायचा नाही. घरमालक कोणीच नाही, सगळे भाडेकरू. ओळ सुलटी, उलटी (शेवटून), आरशातली (चढ तिथे उतार) आणि आरशातली उलटी, अशी बारा पट्ट्यांत मांडली की ४८ रूपं. (गणिताला नाकं मुरडू नयेत. देवगिरीला यादवांचे हिशेब पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात सात स्वरांचे ५,०४० क्रम मांडले होते.)

पण ओळ कुठली घ्यायची, ते गणित सांगत नाही. शोनबर्गचा शिष्य आल्बान बेर्ग याने १९३५ साली व्हायोलिन कंचेर्टोसाठी (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) घेतलेली ओळ, तिचा पहिला स्वर सा धरून म्हणून बघा: सा, कोमल ग, प, शुद्ध नी, रे, शुद्ध म, शुद्ध ध, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. बारा झाले, एकही दोनदा नाही. आता यातले सा, प, रे, ध उचला. या व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा! वादक पहिल्यांदा येतो तो याच तारांवर, जणू वाद्य लावून बघतोय. आणि शेवटचे चार स्वर? अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याने स्वरसंगती दिलेल्या एका भक्तिगीताची तीच सुरुवात आहे, शब्दांचा अर्थ ‘आता पुरे’.

ही रचना मानोन ग्रोपिउस या अठरा वर्षांच्या मुलीच्या स्मरणार्थ आहे. पोलिओने गेली. त्याच वर्षी डिसेंबरात बेर्गही गेला, त्याला ती ऐकायलाही मिळाली नाही.

दुसऱ्या भागात ते भक्तिगीत क्लॅरिनेटवर येतं, बाखने बसवलेल्या स्वरसंगतीसकट. तिथे माझा गज अजूनही थरथरतो, सरावाचा काही उपयोग होत नाही. मग अगदी शेवटी व्हायोलिन ओळ धरून वर वर चढतं आणि टिपेच्या एका स्वरावर थांबून राहतं. तो स्वर म्हणजे आपण धरलेला सा.