पिरोटन: ओहोटीच्या हिशेबाने केलेली एक यात्रा

१९९९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्याने भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढले, डिसेंबरच्या पानावर दत्तजयंतीच्या पुढचे दोन-तीन दिवस पेन्सिलीने खुणावले आणि मला सांगितले, “या दिवसांत रजा काढ, आपल्याला पिरोटनला जायचे आहे.” आत्या वडोदऱ्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. दरवर्षी नवव्या इयत्तेच्या मुलांना ती सयाजीबागेतल्या संग्रहालयात नेई आणि तिथल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे करी. १९४४ मध्ये हा देवमासा मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्या हाडांखाली उभे राहून ती मुलांना सांगे की, आपल्या शहरातून समुद्र दिसत नसला तरी तो फार लांब नाही. मीही लहानपणी तिथे मान वर करून उभा राहिलो आहे. परंतु जिवंत समुद्र तिने मला प्रथम दाखवला तो कच्छच्या आखातातल्या पिरोटन या बेटावर.

तिथी पाहून रजा काढण्याचे कारण मला तेव्हा नीट कळले नव्हते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. त्यामुळे भरती मोठी होते आणि तितकीच ओहोटीही खोल जाते. कोकणात याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, म्हणजे चढ-उतार दोन्ही कमी. कच्छचे आखात पश्चिमेला रुंद आणि पूर्वेकडे निमुळते होत गेलेले असल्यामुळे आत शिरणारे पाणी जागा अपुरी पडून वर चढते, आणि जामनगरच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे सहा मीटरचे अंतर पडते. त्या वर्षीच्या दत्तजयंतीला चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ आलेला होता, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षाही अधिक मागे हटणार होते. आत्याने हे सगळे आधीच हिशेबात घेतलेले होते.

कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा आणि त्यासमोरची ४२ बेटे मिळून जो सागरी प्रदेश होतो, तेथे १९८२ मध्ये भारतातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्यापूर्वी येथील प्रवाळी वाळू सिमेंटसाठी उपसली जात असे. ही वाळू म्हणजे शतकानुशतके मेलेल्या पोवळ्यांचा चुरा, आणि तो उपसताना उडणारा गाळ जिवंत पोवळ्यांवर बसून त्यांना गुदमरवत असे. पिरोटन हे त्या ४२ बेटांपैकी एक, सुमारे तीन चौरस किलोमीटरचे, दीपगृह असलेले बेट. आम्ही एका निसर्गमंडळाच्या शिबिरातून गेलो होतो आणि वनखाते, कस्टम व बंदर या तिन्ही ठिकाणच्या परवानग्या मंडळाने आधी काढून ठेवल्या होत्या. प्रत्येक कागदावर आमची नावे वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली होती, आणि धक्क्यावर ती जुळवून पाहण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला तेव्हाही तक्रार नव्हती. जिथे जाण्यासाठी नाव लिहून द्यावे लागते तिथे माणूस थोडा तरी जपून वागतो, असे मला वाटते.

सौराष्ट्र मेलने जामनगर गाठून आम्ही एक रात्र तिथे काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, भरती पूर्ण होत आली असताना, होडीत बसलो. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरांची झाडे होती. गुजरातीत त्यांना चेर म्हणतात. गळ्यापर्यंत पाण्यात उभी असलेली ती झुडपे पाहून मला वाटले की ती बुडत आहेत, आत्या म्हणाली, “अरे, हा त्यांचा रोजचा नेम आहे. त्यांची श्वास घेणारी मुळे तुला ओहोटीला चिखलातून वर आलेली दिसतील.” नाखवा वयस्कर होता आणि फारसा बोलत नव्हता. आमच्यातले काही जण धक्क्यावर अजून चहा पीत होते, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “पाणी उतरवा मांड्युं छे, उतावळ करो.” पाणी उतरू लागले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर खाडीतल्या चिखलात होडी रुतून बसली असती आणि पुढच्या भरतीपर्यंत आम्हाला तिथेच राहावे लागले असते.

दूरवर तेलवाहू जहाजे उभी होती. या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत आणि परदेशातून येणारे कच्चे तेल याच आखातातून उतरवले जाते. राष्ट्रीय उद्यान आणि तेलाची वाहतूक एकाच पाण्यात शेजारी-शेजारी चालतात, हे दृश्य मला अस्वस्थ करून गेले, आणि आजही नकाशा पाहताना तीच अस्वस्थता परत येते.

रात्री बेटावर दिव्याची फिरती तिरीप आणि चंद्रप्रकाश यांखेरीज उजेड नव्हता. सकाळी उठून पाहतो तो आदल्या संध्याकाळी ज्या पाण्यातून आम्ही उतरलो होतो ते पाणी नाहीसे झाले होते. त्याच्या जागी दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत ओला, उंचसखल, मातकट हिरवा पठारासारखा प्रदेश पसरला होता आणि त्यात हजारो डबकी चमकत होती. जगात बहुतेक ठिकाणी पोवळी पाहायला पाण्यात बुडी मारावी लागते. इथे समुद्र स्वतः बाजूला होतो आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाणाऱ्या माणसाला आपले घर उघडे करून दाखवतो. म्हणूनच इथे धोकाही माणसाच्या पायांचाच जास्त आहे.

निघण्यापूर्वी वनरक्षकाने सांगितले की कॅनव्हासचे बूट घालावेत, पोवळ्यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यांतूनच चालावे, एकामागे एक जावे आणि काहीही उचलू नये. ऐकताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात वाळूचा पट्टा मध्येच संपतो, पुढे दोन हातांवर काहीतरी निळेजांभळे हलताना दिसते, आणि तिथवर जायचे तर मध्ये मेंदूसारख्या वळ्यांचा एक गोळा असतो. हा गोळा दगडासारखा दिसतो आणि दगडासारखाच लागतो, परंतु त्यावर हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहत असतात. पाणी ओसरल्यावर कोरडे पडू नये म्हणून ते अंगावर बुळबुळीत स्राव सोडतात आणि त्या आवरणाखाली पुढच्या भरतीची वाट पाहतात. त्यावर बूट पडला की आवरण जाते, जीव चिरडतात, आणि कित्येक वर्षांत बोटभर वाढणारी वस्ती एका पावलात उघडी पडते. आत्या अशा जागी थांबायची. तिला गुडघेदुखी होती, तरी ती वळसा घालून दुसऱ्या पट्ट्याने जायची, आणि वळसा नसेल तर ते निळेजांभळे काय होते हे न कळताच मागे फिरायची.

एका डबक्यात तिने मला फुलदाणीसारखे पोवळे दाखवले. त्याचे जीव लांब देठांवर बाहेर येऊन डोलत होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला २४ पाकळ्यांसारख्या स्पर्शिका होत्या. आमची सावली पडली आणि डबक्यातल्या पाण्याला हेलकावा बसला, तेव्हा ते सगळे डोलणारे देठ आत ओढले गेले आणि मागे फक्त खडबडीत गोळा उरला. आम्ही पाच-सहा मिनिटे न हलता उभे राहिलो, मग एकेक देठ पुन्हा बाहेर आला. त्या दिवशी पाहिलेले ऑक्टोपस, समुद्रफुले, सागरी काकड्या आणि भंगुरतारे मला आठवतात, पण ती पाच-सहा मिनिटे सर्वांत स्पष्ट आठवतात.

याच्या उलट घडलेला प्रसंगही सांगितला पाहिजे. आमच्यातल्याच एका गृहस्थांनी डबक्यात अडकलेला पफर मासा हाताने धरला. हा मासा भ्याला की पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. पाण्याबाहेर धरला तर तो हवा गिळतो आणि ती हवा त्याला नीट बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे परत सोडल्यावरही तो पोट वर करून तरंगत राहतो. मासा सहा-सात जणांच्या हातांतून फिरला, छायाचित्रे काढली गेली, मुले टाळ्या वाजवत होती. आत्या तिथे गेली आणि मुलांना शाळेत सांगावे तशा स्वरात म्हणाली, “हा मासा खेळ करून दाखवत नाही, बाळांनो. तो घाबरला आहे. आता याला पाण्याखाली धरून सोडूया.” गृहस्थ ओशाळले आणि त्यांनी तो सोडला. थोड्या वेळाने तेच गृहस्थ दगड उलटून पाहू लागले. दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, चपटे कृमी, माशांची अंडी असे सावलीत जगणारे सगळे असते, आणि दगड उलटा ठेवून पुढे गेले की ते उन्हात वाळून जाते. आत्या त्यांच्यामागून एकेक दगड पूर्वीसारखा ठेवत गेली. तिच्या मदतीला मीही लागलो. त्यामुळे कितीतरी पाहायचे राहून गेले, हे खरे आहे. पण मला त्याची खंत वाटली नाही.

दुपारी होडीची वाट पाहत तिवरांच्या सावलीत बसलो असताना आत्याने मला बडोदे संस्थानाची एक हकिकत सांगितली. याच आखाताच्या मुखाशी असलेला ओखामंडल हा मुलूख गायकवाडांकडे होता. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली आणि त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये व दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीमागे मोती आणि शंख यांपासून संस्थानाला काय उत्पन्न होईल हा व्यवहारी प्रश्न होता. तरीही उत्तर शोधताना तिथे कोणकोणते जीव राहतात याची काळजीपूर्वक नोंद झाली, आणि पुढच्या काळात काय कमी झाले हे ताडून पाहायला आज तीच नोंद उपयोगी पडते. आमच्या शहराचा या समुद्राशी असा जुना संबंध आहे, हे वडोदऱ्यात फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या सहलीनंतर दोनच वर्षांनी, २००१ मध्ये, पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे ते पोवळ्यालाही मिळाले. मेलेल्या पोवळ्याचा तुकडाही घरी आणणे हा तेव्हापासून गुन्हा आहे. बेटावर कोणाला, केव्हा आणि किती संख्येने जाऊ द्यावे हे वनखात्याने ठरवावे, आणि ज्या काळात जाऊ दिले जात नाही त्या काळात आपण कुरकूर करू नये, असे माझे मत आहे. माझी मुलगी आता आत्याच्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांएवढी आहे. तिला पिरोटन दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे, आणि परवानगी मिळाली नाही तर ती न पाहता मोठी होईल, हेही मी मान्य केले आहे.

परतताना होडी त्याच पठारावरून निघाली. सकाळी जिथे आम्ही दगड सरळ करत वाकलो होतो तिथे आता हिरवट, गढूळ पाणी होते आणि खाली काहीच दिसत नव्हते. आत्याने नाखव्याला विचारले की इथे किती पाणी असेल. त्याने खलाशाला खूण केली, खलाशाने होडीतला लांब बांबू उभा पाण्यात सोडला आणि वरचे टोक मुठीत घट्ट धरून तो काठावरून वाकला. बांबू तळाला टेकला नाही.