तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं बुडाल्यावरही देवावर भरवसा कसा ठेवता?

"काका, प्रेस गेला, डोक्यावर कर्ज झालं, तरी रविवारी पुढे उभे राहून 'परमेश्वर चांगला आहे' असं तुम्ही कसं म्हणता?" तरुण संघातली मुलं मला हे सरळ विचारतात. नोकरी गेलेले, स्पर्धा परीक्षेत वर्षं घालवलेले, घर मोडलेले लोक जरा आडून विचारतात, पण प्रश्न तोच असतो. उपासनेनंतर हातात चहाचा कप धरून याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून सवडीने लिहितो आहे.

आमचा छापखाना नगरचा, वडिलांपासूनचा. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी नगरच येतं. वडील केसेसमधले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, बघता बघता जुळवायचे आणि ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, कागद लावायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाताळच्या उपासनेचे क्रम हे आमचं काम. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली आमच्याच नगरात सुरू झालं, त्यामुळे छपाई आणि ख्रिस्ती मंडळी यांचं नातं इथे जुनं आहे, आणि वडिलांना त्याचा अभिमान होता. पुढे मी बँकेचं कर्ज काढून ऑफसेट मशीन घेतलं. काही वर्षं बरी गेली. मग लोक पत्रिका मोबाइलवर पाठवू लागले. पाचशेची ऑर्डर देणारी घरं देवापुढे ठेवण्यापुरत्या आणि जवळच्या पाहुण्यांपुरत्या पत्रिका छापून घेऊ लागली. पावतीपुस्तकांची जागा दुकानातल्या कम्प्युटरने घेतली. मार्च २०२० मध्ये, लग्नसराई तोंडावर असताना, सगळं बंद झालं. छापून, घड्या घालून तयार ठेवलेल्या पत्रिकांचे गठ्ठे दुकानात तसेच राहिले आणि त्यांच्यावरच्या तारखा एकेक करून उलटून गेल्या. हप्ते थकले. माझा मेव्हणा जामीन होता, त्याच्या दारात बँकेची नोटीस गेली. शेवटी ऑफसेट मिळेल त्या किमतीला विकलं, आणि वडिलांचं ट्रेडल भंगारवाल्याने किलोवर नेलं.

या सगळ्या काळात मी प्रार्थना करत होतो. पहाटे उठून, उपास करून, नाव घेऊन मागत होतो की प्रभू, प्रेस वाचव. प्रेस वाचला नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगायला, माणूस उभा राहतो तो काम झाल्यावर. आजार बरा झाला, व्हिसा आला, नोकरी लागली की साक्ष. ज्यांचं काम झालं नाही ते मागच्या बाकावर गप्प बसून ऐकतात आणि घरी जाताना मनात म्हणतात, माझ्यातच काहीतरी खोट असेल. त्या बाकावर मी बसलो आहे.

त्यात भर घालणारेही भेटतात. कोणी म्हणालं, तुमचा विश्वास कमी पडला. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने सभेत सांगितलं की तंगीत असाल तर आणखी दान द्या, बी पेरा, शंभरपट कापणी होईल. कर्जात बुडालेल्या माणसाला असं सांगणं हे क्रूर आहे असं माझं ठाम मत आहे. शिवाय पवित्र शास्त्राला धरूनही नाही. त्यातलं ईयोबाचं, म्हणजे सगळं गमावलेल्या एका नीतिमान माणसाचं, पुस्तक काढून बघा. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. तिथपर्यंत ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझ्याच पापामुळे हे झालं असेल, असं पटवत बसले. ईयोब देवाशी भांडला, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, उत्तर मागत राहिला. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग कोणावर झाला? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना सांगतो. माझ्या वाईट काळात मला या एका अध्यायाचा फार आधार झाला. देवाची बाजू घेऊन दुःखी माणसाला दोष देणाऱ्यांपेक्षा देवाच्या तोंडावर तक्रार करणारा त्याला जवळचा वाटतो, हे मी तिथे शिकलो.

म्हणून मी तक्रार करायला लागलो. प्रेस वाचव हे मागणं थांबलं होतं, कारण मागायला प्रेसच उरला नव्हता. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र रोज मोठ्याने वाचायचो. त्याच्या पहिल्या दोनच ओव्यांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? मला विसरणार कुठवर, तोंड लपवणार कुठवर. हे प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, आणि देवाच्या लोकांनी ते शेकडो वर्षं उपासनेत म्हटलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते काढून टाकावं असं कोणाला वाटलं नाही. ज्याच्यावरचा भरवसा संपला त्याच्याशी माणूस भांडत नाही, बोलणं सोडून देतो. मी बोलणं सोडलं नव्हतं. भरवसा आहे की नाही असं मला कोणी तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, पण रोज पहाटे तक्रार घेऊन जात होतो तो त्याच्याकडेच.

चर्चला जाणं मात्र बंद झालं होतं. मी मंडळीचा खजिनदार होतो. ज्याच्या स्वतःच्या घरी नोटिसा येतात त्याने देवाच्या घरचा हिशेब कोणत्या तोंडाने वाचावा, या विचाराने राजीनामा पाठवला आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारीही घरी राहू लागलो. पैसा बुडाल्याचं दुःख एका जागी असतं. लाज सगळ्या घरात पसरते. माणसं भेटू नयेत म्हणून मी बाजारात आडवाटेने जायचो.

एके दिवशी आमचे निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी आले. जेवायची वेळ होती. हिने पिठलं-भाकरी केली होती. ते पाटावर बसले, पोटभर जेवले आणि मलाही जेवायला लावलं. मी वाट बघत होतो की आता उपदेश सुरू होईल. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "हिशेबाची वही आणा." मग जुन्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातली एक पत्रिका घेऊन तिच्या कोऱ्या पाठीवर, चष्मा नाकावर ओढून, त्यांनी देण्यांची यादी लिहिली. सर्वांत वर दोन्ही कामगारांचा राहिलेला पगार. त्याखाली कागदवाला व्यापारी. मग बँक. मी म्हटलं, "साहेब, बँक आधी घ्यायला हवी, तिचं व्याज चढतंय." ते म्हणाले, "कामगाराची मजुरी घरात रात्रभर ठेवू नये असं शास्त्र सांगतं. बँकेला मी तुमच्याबरोबर येतो." प्रार्थना त्यांनी चार वाक्यांत केली. नंतर खरोखरच माझ्याबरोबर बँकेत आले, हप्त्यांची पुन्हा बांधणी करून मिळेपर्यंत बाकावर बसून राहिले.

तेव्हापासून मला एलीयाची गोष्ट वेगळी दिसते. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाल्यावर हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली पडला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. दूताने त्याला उठवलं ते खायला. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी होता. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खा म्हणाला, वाट लांबची आहे. प्रश्न विचारायला देवाने होरेब डोंगरापर्यंत वाट पाहिली. येशूचा शिष्य पेत्र याचंही तसंच. ज्या माणसाने प्रभूला तीनदा नाकारलं, त्याला तिबिर्या सरोवराच्या काठावर पुन्हा भेटल्यावर येशूने आधी विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवली, या, न्याहारी करा म्हटलं, आणि जेवणं झाल्यावर विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? ज्या रात्री तू मला ओळखत नाही म्हणालास त्या रात्रीचं काय, असं विचारलं नाही. पुन्हा चुकणार नाहीस ना, अशी हमीही मागितली नाही. हरलेल्या माणसाशी देव कसा वागतो हे मला कोणी विचारलं तर मी या दोन न्याहाऱ्या सांगतो.

आणि मी पंडिता रमाबाईंचा विचार करतो, कारण त्यांनीही छापखाना चालवला. त्यांच्या आयुष्याकडे सरळ बघा. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तो १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, कडेवर लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्या माणसांचे बोल सोसले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा आणि मुलींसाठी काढलेल्या शारदासदनावर वादळ आलं, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांच्या कामाचं ते अपयशच म्हटलं असतं कोणी. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं, १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी आणलेल्या मुलींचं. तिथे त्या इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणत होत्या, आणि मुक्तीच्याच बाया ते छापत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती पुढचं सगळं द्यायचं तीच. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या त्या महिन्यांत त्या भाषांतराची प्रुफं तपासत होत्या. मी प्रूफ वाचलेला माणूस आहे. ओळीवर बोट ठेवून, काना-मात्रा बघत, पान संपेपर्यंत दुसरीकडे मन जाऊ द्यायचं नसतं. मुलगी गेल्यावर हे काम करणं हा मला त्यांच्या सगळ्या भाषणांहून मोठा विश्वासाचा पुरावा वाटतो. देवाने असं का केलं याचं उत्तर हाती आल्यावर त्या टेबलाशी बसल्या नाहीत. आजचं पान होतं, ते त्यांनी वाचलं.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. पुढे काय होणार हे कळल्यामुळे माझा भरवसा बसलेला नाही. आजही कळलेलं नाही. मी आता दुसऱ्याच्या डीटीपी सेंटरवर प्रुफं वाचतो. कामगारांचा पगार आणि कागदवाला फिटला, बँकेचे हप्ते चालू आहेत. मेव्हणा अजून घरी येत नाही. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो, आणि हे दुखणं बरं होईल की नाही ते माझ्या हातात नाही. 'परमेश्वर चांगला आहे' असं मी म्हणतो तेव्हा त्याने माझं काम केलं म्हणून म्हणत नाही. मी पडलो होतो तिथे तो आला, माझ्या घरची भाकरी खाऊन माझ्या देण्यांची यादी करणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाच्या रूपाने आला, म्हणून म्हणतो. खजिनदारपद पुन्हा घेतलं नाही, पण प्रभुभोजनाला बसतो.

ज्यांचं आत्ता बुडतं आहे त्यांनी आधी नीट जेवा आणि झोपा. घरात एकाला तरी खरा आकडा सांगा. प्रार्थना सुचत नसेल तर तेरावं स्तोत्र वाचा, तेवढं पुरे आहे. बुधवारी संध्याकाळी आमची प्रार्थनासभा असते, तिथे कोणाला साक्ष द्यावी लागत नाही. येताना हिशेबाची वही आणली तरी चालेल, सभा झाल्यावर आपण बसू.