सहा आठवड्यांनंतरचे कागद

कोणाला प्रशिक्षणाचं अनुदान घ्यायचं असेल तर ते देणाऱ्या कार्यालयाचा अभिप्रायाचा छापील नमुना आधीच मागून घ्या. मी घेतला नाही, आणि शेवटच्या हप्त्यासाठी पाच चकरा मारल्या.

आमच्या हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांना मी दोन दिवस शिकवलं. केस पडू नयेत म्हणून डोक्यावर टोपी, आणि सुतळी-प्लॅस्टिकचे धागे वेगळे काढायचे. रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, गेलेला धागा पुढे सूतगिरणीत त्रास देतो. एमबीएला प्रशिक्षण कितपत उपयोगी पडलं ते तपासायच्या, किर्कपॅट्रिक या अभ्यासकाच्या १९५९ सालच्या चार पायऱ्या पाठ केल्या होत्या: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, फायदा झाला का. तिसरी पायरी लगेच कशी कळणार? म्हणून सहा आठवड्यांनी गंजीजवळ उभी राहून नोंदी केल्या.

त्या नोंदी कार्यालयात नेल्या, तर बाबूंनी कागद उलटेपालटे केले. "मॅडम, हे कोणत्या रकान्यात लावू?" नमुन्यात प्रश्न एकच: प्रशिक्षण कसे वाटले? त्याच दिवशीची सही हवी. दुसऱ्या चकरेला जेवणाची सुट्टी. तिसऱ्या वेळी म्हणाले, "तारीख चुकली तुमची, प्रशिक्षण तर डिसेंबरात झालं." अहो, तारीख उशिराची आहे हाच तर मुद्दा! चौथ्यांदा साहेब दौऱ्यावर. परतीच्या एसटीत मला रडूच आलं.

आणि त्या कागदांत होतं काय? टोप्या निम्म्या डोक्यांवरून उतरल्या होत्या. एक मावशी म्हणाल्या, "टोपी घालाले सांगता, पण पंखा लावाले कोण सांगन?" धागे हातात धरून ठेवायचे कुठे, म्हणून परत ढिगातच. मुकादम घाई करतो ते वेगळंच. बाल्डविन आणि फोर्ड या अभ्यासकांनी १९८८ मध्ये लिहून ठेवलंय, शिकलेलं टिकणं कामाच्या जागेवरही अवलंबून असतं. परीक्षेत यावर मी चार पानं लिहिली होती, टिनाखाली उभी राहिल्यावर समजलं.

पाचव्यांदा बाबूंकडे गेलेच नाही. वर 'अभिप्राय पत्रक (पाठपुरावा)' असं शीर्षक टाकलं, अर्ज जोडला, आवक खिडकीत दिला आणि पोच घेतली. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला तोंडी नकार देणं अवघड, आणि लेखी नकार सहसा कोणी देत नाही. आठवड्यात सही झाली. हो, झेरॉक्स दोन ठेवा.

पैसे आले त्यातून धागे टाकायला प्रत्येक बाईजवळ एक डबा ठेवला. त्या पावतीचा रकाना अजून विचारलेला नाही.