फुशिमीतला कोमट घोट

क्योतोला आलेली बहुतेक मंडळी फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींखाली फोटो काढून परत फिरतात. आम्ही त्याच केइहान रेल्वेने काही स्टेशनं पुढे, चुशोजिमाला उतरलो. क्योतोतला हा फुशिमी भाग साकेचा, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूचा. कालव्याकाठी काळ्या फळ्यांची जुनी गोदामं, पाण्यावर झुकलेले विलो आणि दारांवर टांगलेले पानांचे मोठे गोळे. ही पानं 'सुगी' नावाच्या झाडाची. नवी साके तयार झाली की हिरवा गोळा टांगतात. तो तपकिरी होत जातो, तशी आतली साकेही मुरत जाते. आपल्या सुगीशी या नावाचं काही नातं नाही, पण मला उगाच बरं वाटलं.

१६३७ पासून साके बनवणाऱ्या गेक्केइकान कंपनीच्या संग्रहालयात साकेच्या आधी विहिरीचं पाणी प्यायलो. मऊ, गोडसर. सगळा खेळ या पाण्याचा. कोबेजवळच्या नादा भागातलं पाणी जड. त्यातल्या क्षारांवर यीस्ट जोमात वाढतं आणि साके कडक, कोरडी, म्हणजे कमी गोड होते. फुशिमीचं त्या मानाने हलकं, म्हणून आंबणं संथ आणि चव मुलायम. यावरून नादाची साके पुरुषी आणि फुशिमीची बायकी म्हणतात. "म्हणजे इथेही तेच!" बायको म्हणाली.

चाखायला सुरुवात केली ती दाइगिंजो या प्रकारच्या साकेपासून. हिच्यासाठी तांदळाचा निदान निम्मा दाणा घासून काढतात. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश गेले की उरतो पिठूळ गाभा, आणि तो थंडीत सावकाश आंबवला की पिकल्या केळ्याचा, खरबुजाचा वास येतो. पहिल्या घोटाला मी डोळे मिटले. तिसऱ्या घोटाला अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं वाटायला लागलं. जेवणाबरोबर तर नकोच. एवढा तांदूळ घासून टाकायचा म्हणजे कोकणातल्या माणसाच्या जिवावरही येतं.

निगोरी जाडसर गाळलेली, दुधाळ. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, ही तर पेजच की!" मीठ आणि लोणचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी गल्लीतल्या आठ खुर्च्यांच्या दुकानात शिरलो. काउंटरमागच्या आजोबांना खुणेनेच सांगितलं, तुम्हाला आवडेल ती द्या. त्यांनी साधी जुनमाई काढली. जुनमाई म्हणजे तांदूळ, कोजी आणि पाणी. वरून अल्कोहोल घातलेलं नाही. कोजी ही तांदळावर वाढवलेली बुरशी. ती दाण्यातल्या पिठाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेची दारू करतं. आजोबांनी आधी ती गार दिली. आंबटसर, जरा रुक्ष. मग तीच चिनीमातीच्या सुरईत ओतून गरम पाण्यात ठेवली, मधूनच उचलून बुडाला बोटं लावून पाहिली आणि पुढे केली. आता तिला वाफेवरच्या भाताचा वास होता. आंबटपणा कुठे गेला कळेना. भाजलेल्या कोंबडीबरोबर ती सुरई कधी संपली तेही कळलं नाही.

यांच्याकडे साकेच्या तापमानालाही नावं आहेत. ५ अंशांच्या आसपास 'हिमगार', १० ला 'फुलगार', ३० ला 'उन्हाची ऊब', ३५ ला 'माणसाच्या अंगाची ऊब'. मराठी माझं, कल्पना त्यांची. मला मिळाली ती बहुधा ४० च्या आसपासची, 'नुरुकान'.

येताना तीच स्वस्तातली बाटली आणली. घरी दुधाच्या पातेल्यात पाणी तापवून सुरई ठेवली, आजोबांसारखी बुडाला बोटं लावली आणि चटका बसला.