आमच्या गल्लीतले सात निंब

2025 च्या फेब्रुवारीत एका सकाळी सडा टाकायला दार उघडलं, तर समोरच्या निंबावर कागद ठोकलेला. नगरपरिषदेची नोटीस होती. काँक्रीट रस्ता आणि गटारीसाठी गल्लीतले सातही निंब तोडायचे, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी द्यावी. खिळा जिथे घुसला होता तिथून डिंकाचा थेंब ओघळून खालच्या सहीवर आला होता.

हे निंब माझ्या सासऱ्यांनी लावले, 1972 च्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा आमची अख्खी गल्ली या सावलीत येऊन बसते. भाजीवाला लोटगाडी तिथेच लावतो. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ तिथेच घाटलं जातं.

मी तशीच कार्यालयात गेले आणि बरंच बोलले. बाबूंनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ताई, तोंडी हरकत धरता येत नाही. लिहून द्या." ते बरोबरच होतं. संध्याकाळी भाच्याला घेऊन कायदा वाचायला बसले. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा 1975 चा आहे. झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात, झाडावर नोटीस, वृक्ष अधिकाऱ्याची स्वतः पाहणी आणि वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते. मंजुरी मिळाली तरी 15 दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात.

म्हणजे वय सिद्ध करायला हवं होतं. सासऱ्यांच्या ट्रंकेतून जमाखर्चाची लाल वही काढली. 1973 च्या आषाढातल्या पानावर त्यांचं किरटं अक्षर: "निंबाची रोपं 7, काट्यांचं कुंपण, मजुरी 4 रु." त्या पानाची झेरॉक्स काढताना माझे हात कापत होते. चुन्याने झाडांवर एक ते सात आकडे टाकले, छातीच्या उंचीवर टेप धरून प्रत्येकाचा घेर लिहिला, फोटो काढले.

हरकतीचा कागद घेऊन मी सह्यांना निघाले. गल्लीच्या मागे घरकुल योजनेतली घरं आहेत. तिथल्या एका आक्कांनी सही करायच्या आधी मला थांबवलं. "ताई, आम्ले भी रस्ता जोयजे ना. पावसाळामा पोरे चिखलमा पडतस." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्या बाळंतिणीला खाटेवर मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागलं होतं, रुग्णवाहिका आत येईना म्हणून. मी घरी येऊन तो कागद फाडला. रस्ता थांबवा असं लिहायचा मला हक्कच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागात नकाशा पाहायला मागितला. तिथल्या तरुण अभियंत्याने तो टेबलावर पसरून दाखवला. रस्ता नऊ मीटरचा, त्यात काँक्रीट साडेपाच मीटर. सहा निंब काँक्रीटच्या बाहेर होते! त्यांच्या मुळावर आली होती ती नुसती गटारीची रेघ. मग नवी हरकत लिहिली: रस्ता करा, गटार सरकवा, बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी ठेवा. दिल्लीतल्या झाडांबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये तसाच आदेश दिला होता, त्याची प्रत जोडली. यावेळी 63 सह्या झाल्या, पहिली आक्कांची.

तीन आठवड्यांनी चौकशीला गेले तर, "असा अर्ज आलेलाच नाही." पिशवीतून पोच काढून टेबलावर ठेवली. आवक क्रमांक, शिक्का, तारीख. तासाभरात अर्ज दुसऱ्या फायलीत सापडला. कोणी कुठेही अर्ज देणार असाल तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे मी हात जोडून सांगते.

स्थळपाहणी एप्रिलमध्ये भर दुपारी झाली. अधिकारी सावली बघून एक नंबरच्या झाडाखालीच उभे राहिले. नकाशा, वही, टेप, सगळं तिथेच उलगडलं. पाच झाडं ठेवायचं ठरलं. दोन नंबरला वाळवीने आतून पोखरलं होतं. सहा नंबर घरकुलाकडे वळणाऱ्या तोंडावर, काँक्रीटमध्येच होता. तो पडला त्या दिवशी मी दार लावून घेतलं. पण त्याला वाचवायचं म्हटलं असतं तर आक्कांच्या घरापर्यंत गाडी गेली नसती, हे मला पटलेलं होतं.

आता रस्ता झाला आहे. चार नंबरच्या निंबापाशी गटार कोपरासारखी वळते, आणि पाचही बुंध्यांभोवती मातीची आळी केलेली आहेत. तोडलेल्या दोन झाडांचं वय 52-52 धरून 104 रोपं लावायची होती. त्यातली 40 घरकुलाच्या मोकळ्या जागेत लागली. आक्का संध्याकाळी कळशीने पाणी घालतात. उरलेल्या 64 रोपांसाठी गेल्या सोमवारी अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे.