बेंटोनाइटचं पोतं आणि वायोमिंग

शिरोलीत फाउंड्रीत राबणाऱ्याला बेंटोनाइट काय नवीन नाही, वाळू, पाणी, कोळशाची भुकटी आणि ही माती मिक्सरला नीट मळली तर वितळलेलं लोखंड ओतायचा साचा, म्हणजे मोल्ड, उभा राहतो नाहीतर कास्टिंग रिजेक्ट आणि वर शिव्या. आमच्याकडं कच्छचा माल येतो. परवा नाईटला त्याच पोत्यावर बसून चहा पिताना सहज मोबाईलवर नाव टाकलं आणि बघता बघता अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये जाऊन पोचलो.

ह्या मातीला हे नाव तिथंच मिळालं, १८९८ साली, बेंटन शेल नावाच्या खडकावरनं. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख समुद्रात पडली, तिची ही माती झाली, पाणी लागलं की कित्येक पट फुगणारी. अमेरिकेतला सगळ्यात जास्त कोळसाही तिथंच निघतो. राज्य महाराष्ट्राहून थोडंच लहान आणि माणसं किती, तर २०२० च्या जनगणनेत पावणेसहा लाख, म्हणजे आपलं कोल्हापूर शहर उचलून तेवढ्या माळावर पसरलं तर कसं!

मग त्या माळावर हिंडतंय कोण, तर प्राँगहॉर्न. दिसायला हरणासारखा पण हरीण नव्हे, आणि पळायला लागला तर ताशी ८०-९० किलोमीटर. आज त्याच्यामागं एवढं पळणारं जनावर तिथं कुठलंच नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात पूर्वी चित्त्यासारखं एक मांजर होतं, ते संपलं आणि ह्याची पळायची सवय तेवढी राहिली. आपल्या संस्थानात काळविटामागं चित्ते सोडायचे त्याची आठवण झाली. पण एवढा पळणारा गडी कुंपणावरनं उडी मारत नाही, खालनं सरपटत जातो, जाळी असली की अडकला! म्हणून २०१२ ला ट्रॅपर्स पॉइंटला हायवेवरनं त्यांच्यासाठी पूल बांधला.

जमिनीची भानगड मात्र भारी आहे. जवळजवळ निम्मी केंद्र सरकारची. उरलेल्यातली बरीच १९१६ च्या कायद्यानं गुरं पाळायला दिलेली, एकेकाला ६४० एकरापर्यंत, पण पोटातलं खनिज सरकारनं स्वतःकडंच ठेवलं. म्हणजे वर गवत तुझं आणि खालच्या कोळशासाठी दुसराच कोणतरी मशीन घेऊन दारात.

हे मिस्त्रीला सांगितलं तर तो तंबाखू मळत म्हणाला, "वर एकाचं, खाली दुसऱ्याचं? म्हंजे आमची भावकी तिकडचीच म्हणायची की!"