बेलव्हिलची पोरं

सेंट लुईसला आले तेव्हा ऑफिसच्या वाटेवर गाडीत कंट्री संगीताचं एफएम स्टेशन लावायचे. चाली लगेच ओठांवर बसायच्या. महिन्याभराने जाणवलं, गाडी पार्क केली की गाणंही तिथेच राहतंय.

मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं, नदीपलीकडे बेलव्हिल आहे ना, तिथल्या 'अंकल टुपेलो' बँडला ऐक. जे फॅरर, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न. पंचविशीही न गाठलेल्या या तिघांचा पहिला अल्बम 'नो डिप्रेशन' 1990 मध्ये आला. नाव जुन्या कंट्री गायकांच्या, कार्टर फॅमिलीच्या 1936 च्या, ऐन महामंदीतल्या गाण्यावरून घेतलेलं. त्याच 1990 मध्ये कंट्री गायक गार्थ ब्रूक्सचा 'नो फेन्सेस' आला आणि त्याच्या कोटीच्या वर प्रती खपल्या.

कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला मी नावं ठेवणार नाही. तिथे गीतकार वेळ ठरवून दोघं-तिघं एका खोलीत बसतात आणि गाणं रचतात. वादक स्वरलिपीऐवजी कागदावरचे कॉर्ड्सचे आकडे बघून ते झटपट वाजवतात. केवढं कसब आहे ते! पण रेडिओवर ऐकताना मला दरवेळी वाटतं, दुःख सांगून होतं न होतं तोच कोरस येऊन पाठीवरून हात फिरवतो. माझं तिथेच बिनसतं.

अंकल टुपेलोचा तिसरा अल्बम ऐका. मार्च 1992 मध्ये जॉर्जियातल्या अथेन्सला पाच दिवसांत रेकॉर्ड केला, आणि त्या तारखाच त्याचं नाव झाल्या: 'मार्च 16–20, 1992'. निर्माता आर.ई.एम. या रॉक बँडचा पीटर बक. तोवर कर्कश गिटार वाजवणाऱ्या या पोरांनी इथे जवळजवळ सगळं अकूस्टिक ठेवलंय. फॅररचा आवाज जड, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. त्याला उचलून धरायला मागे व्हायोलिनांचा ताफा नाही. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. वाद्यं बरीचशी तीच, पण इथे गाण्याला बरं वाटायची घाई नाही.

1994 मध्ये बँड फुटला. फॅररने हायडॉर्नला घेऊन 'सन व्होल्ट' काढला, ट्वीडी आणि बँडमध्ये नंतर आलेल्या वादकांचा 'विल्को' झाला. 1995 मध्ये अशा संगीतासाठी एक मासिक निघालं, त्याचंही नाव 'नो डिप्रेशन'.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि याच अल्बममधलं केंटकीच्या खाणकामगारांचं जुनं गाणं लागलं होतं. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. बराच वेळ खिडकीतून नदीकडे बघत होती. मग म्हणाली, "याच्या घरातलं कुणी गेलंय का गं?"

मी म्हटलं, "कोळशाच्या खाणीतल्या लोकांचं गाणं आहे, आई."

"मग संपलं की परत लाव."